परभणी जिल्ह्यात शिडाची होडी : एका हौसेचा आढावा

समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर दूर वसलेल्या, ज्वारी-कापसाच्या आणि काळ्या मातीच्या परभणी जिल्ह्यात शिडाच्या होडीची चर्चा आरंभणे प्रथमदर्शनी काहीसे विक्षिप्तपणाचे वाटेल, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या जिल्ह्यात पूर्णा नदीवर येलदरीसारखा, ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी सामावून घेणारा जलाशय १९६८ पासून उभा आहे, जेथे सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडी येथे दुधनेला अडवून निम्न दुधना प्रकल्पाने दुसरे विस्तीर्ण पात्र निर्माण केले आहे, आणि जेथे ढालेगाव, मुद्गल, डिग्रस येथील उच्च पातळी बंधाऱ्यांनी गोदावरीला लांबच लांब तळ्यांचे रूप दिले आहे, त्या जिल्ह्यातील हौशी कुटुंबाने शिडाकडे वळावे की न वळावे, हा प्रश्न निदान विचारण्याजोगा खचितच आहे. याच गोदावरीच्या वरच्या अंगास असलेल्या पैठणहून राज्य करणाऱ्या सातवाहनांपैकी यज्ञश्री सातकर्णीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची मुद्रा असलेली नाणी पाडली, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. मात्र ती जहाजे पूर्व किनाऱ्यावरची होती, आणि मराठवाड्याच्या अंतर्भागात शीड उभारण्याची परंपरा होती असा दावा त्या नाण्यांच्या बळावर कोणी करू नये. मराठवाड्याचा पाण्याशी असलेला परिचय मुख्यतः खोलीचा आहे, विस्ताराचा नव्हे. वालूरच्या बारवेचे मंडलाकार उतरत गेलेले पायरीबंद रूप पाहिले, किंवा पाठीला भोपळा अथवा रिकामा डबा बांधून विहिरीत उडी घेणारी पोरे पाहिली, म्हणजे या विधानाची प्रचीती येते.

शिडाच्या खेळाची केंद्रे अन्यत्र आहेत. मुंबईस रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून नांदत आहे. पुण्यानजीक खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडे हाताळावयास शिकतात. आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत ‘एंटरप्राइज’ जातीच्या होड्यांवर मुलामुलींना तालीम मिळते. परंतु परभणीकराने या संदर्भात मुंबई-पुण्याकडेच पाहावे असे मुळीच नाही. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात व पुढे हैदराबाद राज्यात होता. मनमाड-सिकंदराबाद या जुन्या रेल्वेमार्गाने त्याला त्या शहराशी जोडले, आणि त्याच शहराच्या मध्यभागी सोळाव्या शतकात बांधलेल्या हुसेनसागरावर आज देशातील एक प्रमुख शीडस्पर्धा, ‘हैदराबाद सेलिंग वीक’, भरते. समुद्राचा थेंबही नसलेल्या त्या शहरात लष्करी संस्थांनी, आणि अलीकडे यॉट क्लब ऑफ हैदराबाद या संस्थेने, गरीब वस्त्यांतील मुलांना हाताशी धरून राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे खेळाडू घडविले. आमच्या दृष्टीने परभणीस अनुकरणीय उदाहरण तेच होय, कारण ते गोड्या पाण्याचे, मानवनिर्मित तलावाचे आणि दख्खनच्या वाऱ्याचे आहे.

याउलट वृत्तपत्रांतून ज्या सागरपरिक्रमा गाजतात, त्यांचा आमच्या प्रश्नाशी संबंध प्रेरणेपुरताच. गोव्यात मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली आणि तीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, हा मराठी माणसाने अभिमान बाळगावा असा प्रसंग आहे. परंतु छपन्न फुटी नौका पाहून आल्यावर घरच्या हौसेसाठी ‘निदान आत झोपता येईल एवढी तरी हवी’ असे वाटू लागते, आणि बहुतेक हौशींचा घात येथेच होतो.

घात का होतो, हे समजण्यास प्रथम पाण्याचा आणि वाऱ्याचा हिशेब मांडावा लागतो, कारण परभणीत होडीचा प्रश्न हा मूलतः होडीचा नसून जलाशयाच्या पातळीचा आहे. नैर्ऋत्य-पश्चिमेचा सलग, भरवशाचा वारा दख्खनच्या पठारावर मृगापासून आश्लेषा-मघांपर्यंत वाहतो. पण ज्या वर्षी मागील साठा शिल्लक नसतो, त्या वर्षी नेमक्या याच काळात जलाशय तळाला गेलेला असतो. पूर्वा-उत्तरांच्या पावसाने तो भरत आणला, हस्ताचा पाऊस ओसरला, आणि कोजागरीच्या सुमारास नजर पोहोचेल तेथवर पाणी पसरले, की वारा पडतो. मग दिवाळीपासून माघापर्यंत ईशान्येची जी मंद झुळूक सुरू असते, तिच्यावर जड नौका जागची हलत नाही, हलकी मात्र सुखाने सरकते. पुढे रब्बीची आवर्तने सुटू लागली म्हणजे काठ दर आठवड्यास मागे सरतो, आणि चैत्र-वैशाखात वाऱ्याचे झोत पुन्हा सुरू होतात तेव्हा पाणी आणि पायवाट यांच्यामध्ये काळ्या गाळाचा असा पट्टा पसरलेला असतो की त्यात माणूस गुडघ्याएवढा रुततो. ही झाली बऱ्या वर्षाची गोष्ट. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे ज्यांना स्मरते त्यांना मराठवाड्यातील होडी लागोपाठ दोन-तीन वर्षेही कोरडी राहू शकते, हे निराळे सांगावयास नको. येथील होडीचे आयुष्य पाण्यापेक्षा जमिनीवरच अधिक जावयाचे, हे गृहीत धरूनच तिची निवड, तिची दुरुस्ती आणि तिचा खर्च यांचा विचार केला पाहिजे. एवढे एक तत्त्व मान्य झाले, की पुढचे बरेचसे वाद आपोआप मिटतात.

नदी की जलाशय, हा त्यांपैकी एक. गोदावरीच्या बंधाऱ्यांमागेही पाणी तळ्यासारखे साचते खरे, आणि मुद्गलच्या पात्रातील देवालय पाण्यावरून पाहण्याचा आनंद काही निराळाच. परंतु उंच दरडींमधून वाहणाऱ्या अरुंद पात्रात वारा एक तर दडून बसतो, नाही तर वळणावळणाला दिशा बदलतो, आणि शीड फडफडत ठेवून अखेर वल्हीच मारावी लागतात. नदी वल्ह्यांची, जलाशय शिडाचा, हा आमचा निष्कर्ष अनेकांना घाईचा वाटेल. आम्ही तो बदलू इच्छीत नाही.

आता होडी कोणती. जगभर कुटुंबांसाठी म्हणून ज्या लहान शिडाच्या होड्या प्रसिद्ध झाल्या, त्यांत दोन नमुने येथे विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला ‘वेफेअरर’ : इंग्लंडात १९५७ साली इयान प्रॉक्टर यांनी रेखिलेली, पावणेपाच मीटरांहून किंचित लांब, चौघांना सुखाने सामावून घेणारी उघडी होडी. फ्रँक डाय या गृहस्थांनी तीतून १९६३ साली स्कॉटलंडहून आइसलंड गाठले, यावरून तिच्या भक्कमपणाची कल्पना यावी. परंतु तिचे नुसते धूडच १६९ किलोंचे. उतरणीचा पक्का घाट असेल तेथे ती उत्तम. येलदरीच्या मागे सरणाऱ्या काठावर तिला पाण्यापर्यंत ओढीत नेणे हे चार सालदारांचे काम आहे, आणि सालदार हल्ली शेतालाच मिळत नाहीत. दुसरा नमुना ‘मिरर’ : १९६२-६३ च्या सुमारास जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी लंडनच्या ‘डेली मिरर’ या वृत्तपत्रासाठी तयार केलेली, ३.३ मीटर लांबीची, सुमारे ४५ किलो वजनाची, सामान्य माणसाने आपल्या घराच्या पडवीत स्वतः जोडावी या हेतूने कल्पिलेली होडी. तिच्या सत्तर हजारांहून अधिक प्रती निघाल्या. डोलकाठी आखूड आणि शिडाचा वरचा दांडा निराळा असल्यामुळे तिचे सर्व सामान होडीच्याच लांबीत मावते. अर्थात ती ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मालवाहू गाडीतून नेता येते, आणि दोघे जण ती उचलून मुरमाड काठावर ठेवू शकतात. दोन मोठी माणसे आणि एक मूल ही तिची मर्यादा, हे खरे. परंतु चौथ्याने काठावर चूल पेटवून पिठलं-भाकरीची सिद्धता करावी, यात काही अन्याय आहे असे आम्हांस वाटत नाही. एकट्या मुलासाठी ‘ऑप्टिमिस्ट’, ही क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली फ्लोरिडात रेखिलेली, सव्वादोन मीटरांहून थोडी मोठी, चौकोनी तोंडाची आणि ३५ किलोंची होडी जगन्मान्य आहे. तीत मोठ्या माणसाने बसू नये.

या सर्व होड्यांत एक योजना समान आहे, आणि उथळ, चढउतार होणाऱ्या पाण्यात तीच त्यांना तारते. नौकेच्या मध्यभागी एक उभी पेटी असते, तीतून एक फळी खाली पाण्यात सोडलेली असते. वारा शिडाला आडवा ढकलू पाहतो त्यास ही फळी विरोध करते, आणि म्हणूनच होडी वाऱ्याच्या रोखाशी कोन साधीत नागमोडी मार्गाने वाऱ्याकडेच चढू शकते. काठ जवळ आला, की फळी वर ओढावी. मग वीतभर पाणीही पुरते. खाली अचल कणा असलेल्या मोठ्या नौकेला ही सोय नाही, आणि पाण्यात बुडालेल्या बाभळींच्या खुंटांनी व मासेमारीच्या जाळ्यांनी भरलेल्या धरणात तसा कणा म्हणजे आपण होऊन पत्करलेली बेडी होय.

जुनी होडी घेऊन दुरुस्त करावी की नवी बांधावी, या वादात जुनीचे पक्षपाती एक नाव हमखास पुढे करतात. जोशुआ स्लोकम या दर्यावर्दीला फेअरहेवन गावच्या शेतात टेकू लावून ठेवलेले ‘स्प्रे’ नावाचे जीर्ण तारू फुकट मिळाले. त्याने ते तेरा महिने खपून, ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून, जवळजवळ फळीन्‌फळी बदलून उभे केले, आणि १८९५ ते १८९८ या काळात त्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ही कथा सांगणारे सहसा तिचा पूर्वभाग सांगत नाहीत. त्याच्या आधी १८८८ साली, ब्राझीलच्या किनाऱ्यावर जहाज गमावल्यावर, याच स्लोकमने ‘लिबरदादे’ नावाची पस्तीस फुटी होडी स्वहस्ते बांधून पत्नी हेटी आणि दोन मुलगे यांसह अमेरिका गाठली होती. आणि ‘स्प्रे’वर मात्र हेटीबाई गेल्या नाहीत. कौटुंबिक नौकानयनाचा विचार करणाऱ्या यजमानाने दोन्ही कथा एकत्र वाचाव्यात.

परभणीपुरते बोलावयाचे तर आमचे मत जुनीच्या बाजूने पडते, पण कारण काटकसरीचे नाही. जुन्या होडीची शिडे, दोर आणि धातूचे सामान नव्याने घ्यावयाचे झाले तर धुडाच्या किमतीएवढा खर्च सहज होतो. कारण असे, की मुंबई, पुणे, हैदराबाद येथील क्लब आणि लष्करी संस्था स्पर्धेसाठी निकामी झालेल्या होड्या वेळोवेळी काढून टाकतात, आणि स्पर्धेसाठी निकामी म्हणजे कुटुंबासाठी निकामी नव्हे. अशी होडी घेण्यापूर्वी ती उलटी टाकून बोटाच्या पेराने सर्वांगावर ठोकीत जावे. जेथे खणखणीत आवाज येता येता एकाएकी बोदा येतो, तेथे थर सुटले आहेत असे समजावे. मग सुताराचा बारीक टोच्या घेऊन तीन ठिकाणी हलकेच रुतवून पाहावा : सुकाणू जेथे अडकते ती मागची आडवी फळी, डोलकाठीचे बूड जेथे टेकते तो ठोकळा, आणि मधल्या पेटीचा तळसांधा. टोच्या लोण्यात गेल्यासारखा आत गेला, तर किंमत निम्मी करावी अथवा नमस्कार करून परत फिरावे. गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्री किडा नाही आणि खारेपणा नसल्याने लोखंडही सावकाश गंजते, म्हणून पुष्कळ जण निर्धास्त असतात. परंतु कूज ही गोड्या पाण्याचीच देणगी आहे. समुद्राचे मीठ बुरशीला आवरते, पावसाचे साचलेले पाणी तिला पोसते. होडी बुडून नासत नाही, ती आत साचलेल्या तांब्याभर पावसाने नासते.

दुरुस्तीचे ज्ञान येथे नाही, ही समजूत चुकीची आहे. ते निरनिराळ्या दुकानांत विखुरलेले आहे, इतकेच. फळ्यांचे काम फर्निचरचे सुतार करतील. मात्र प्लायवुड घेताना भारतीय मानक ७१० चा शिक्का असलेले, बाजारात मरीन प्लाय म्हणतात तेच घ्यावे, कारण त्या मानकात पातळ थर चिकटविणारा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा अशी कसोटी आहे. शिक्क्यावर विश्वास नसेल, आणि तो नसावाच, तर घरच्या पातेल्यात एक तुकडा दिवसभर उकळून पाहावा. थर सुटले तर माल खोटा. ‘मिरर’ची जोडणी तर सुतारकामापेक्षा शिंपीकामाच्या अधिक जवळची आहे : कापलेल्या प्लायच्या तक्त्यांच्या कडांना ठराविक अंतरावर भोके पाडावयाची, तांब्याच्या तारेने त्या टाचून घ्यावयाच्या, पकडीने पीळ देत सांधा आवळावयाचा, आणि मग आतून-बाहेरून काचतंतूची पट्टी राळेत भिजवून बसवावयाची. ही राळ व मॅट हाताळणारे कारागीर पाण्याच्या टाक्या आणि बसगाड्यांची तोंडे दुरुस्त करणाऱ्यांत सापडतात. लांबी भरून पॉलिश पेपरने घासण्यात त्यांचा हात बसलेला असतो. त्यांना सांगावयाचे ते ऋतूविषयी. उष्णता दहा अंशांनी वाढली, की राळ आवळण्याचा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो; परभणीच्या वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात असताना दुपारी कालविलेली राळ ब्रश बुडविण्यापूर्वीच डब्यात धुरकटून दगड होते, आणि पौषातल्या कडाक्याच्या रात्री तीच राळ सकाळपर्यंत चिकटच राहते. फाल्गुनातील सकाळ या कामास योग्य. त्या सुमारास पाणी आटू लागल्याने होडीही घरी आलेली असते.

शिडांची कथा वेगळी. सेलू-मानवतच्या बाजारपेठा कापसावर उभ्या असल्या, आणि पूर्वी जगातील शिडे सुती व तागाच्या कापडाचीच असली, तरी १९५० नंतर पॉलिएस्टरच्या कापडाने त्यांना हटविले. ते ओले राहून कुजत नाही, आणि ताणले तरी आकार सोडीत नाही. फाटलेल्या शिडाला ठिगळ लावण्यास मंडप-शामियाना शिवणारा कारागीर पुरेसा आहे, त्याने साधा सुती दोरा वापरू नये इतकेच पाहावे. शिडाचा शत्रू ऊन, आणि घडी करून माळ्यावर टाकल्यास उंदीर. होडीचा शत्रू वाळवी : काळ्या जमिनीवर नुसती पालथी घातलेली होडी एका पावसाळ्यात तिच्या भक्ष्यस्थानी पडू शकते, म्हणून ती दगडी अथवा लोखंडी ठोकळ्यांवर, वारा खेळेल अशी, सावलीत ठेवावी.

कायद्याचा भाग थोडक्यात. १९१७ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा जाऊन २०२१ चा आला. होडीला यंत्र बसविले, की नोंदणी, तपासणी, विमा हे सर्व सोपस्कार लागू होतात. केवळ शिडा-वल्ह्यांच्या होडीवर त्याचा भार पुष्कळ कमी. परंतु धरणाचे पाणी शासनाचे असल्याने पाटबंधारे खात्याच्या संबंधित कचेरीत रीतसर अर्ज देऊन परवानगी घ्यावी, भिंतीच्या व सांडव्याच्या हद्दीत जाण्यास मज्जाव असतो तो पाळावा, आणि मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे असेल तिच्या मंडळींना आधी भेटावे. जाळी कोठे आहेत, बुडालेली झाडे कोठे आहेत, आणि सायंकाळी वारा कोणत्या खोऱ्यातून अकस्मात उतरतो, याचा नकाशा त्यांच्याच डोक्यात असतो. कोणत्याही दप्तरात तो मिळणार नाही. पैठणच्या नाथसागरावर जाण्याचा मोह झाल्यास ते पक्षी अभयारण्य आहे, याचे भान ठेवावे.

भय वळवाचे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर शिडावरील जोर चौपट होतो. वैशाखातील आभाळ काळवंडून आल्यावर हे गणित काही क्षणांत अंगावर येते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अशाच वादळात उलटली आणि सहा जणांनी प्राण गमावले. लहान शिडाची होडी उलटणारच, असे धरून ती रेखिलेली असते : तिच्या अंगातील हवाबंद कप्पे तिला बुडू देत नाहीत, आणि उघड्या पडलेल्या मधल्या फळीवर उभे राहून भार दिला, की ती पुन्हा सरळ होते. ही क्रिया कुटुंबातील प्रत्येकाने काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, शांत दिवशी मुद्दाम होडी उलटवून शिकावी, आणि तरंगजाकीट न घालता कोणासही, पट्टीच्या पोहणाऱ्यासही, होडीत बसू देऊ नये. विहिरीत पोहणे आणि अर्धा कोस दूर असलेल्या काठाकडे कपड्यांनिशी पोहत जाणे, या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. ईशान्येकडे विजा चमकू लागल्या, तर शीड उतरवून वल्ही घ्यावीत. त्यात कमीपणा मानणारा मनुष्य सुकाणूवर नसावा.

राहता राहिला मालकीचा प्रश्न. एका कुटुंबाला वर्षातून जेवढे दिवस वारा, पाणी आणि सुटी यांचा योग जुळून येतो, त्यांच्या मानाने होडीची देखभाल जड जाते, म्हणून दोन-तीन घरांनी भागीत होडी घ्यावी हे आम्हांस सर्वांत व्यवहार्य दिसते. ऑप्टिमिस्टसारखी होडी तर मूल पंधरा वर्षांचे झाल्यावर स्पर्धेच्या नियमानेच दुसऱ्याच्या मुलाकडे जावयाची असते. परंतु भागीदारीची बोलणी परभणीहून सुमारे साठ किलोमीटर दूर असलेल्या येलदरीच्या काठावर, वारा छान सुटला असताना, तोंडी करू नयेत. कागद करावा, आणि त्यात रविवार कोणाचा यापेक्षा पुढील कलमे ठळक लिहावीत : फाल्गुनात गाळातून होडी कोणी बाहेर काढावयाची, ती कोणाच्या वाड्यात ठेवावयाची, राळेचे पैसे कोणी द्यावयाचे, आणि लागोपाठ दोन वर्षे धरण भरले नाही तर होडी विकावी असे एकाला वाटले व दुसऱ्याला न वाटले, तर तिची किंमत कोणत्या सुताराने ठरवावयाची.